आरशाबाहेर राहिलेलं पार्टिशन

एका पतसंस्थेच्या मुख्य कचेरीतल्या सर्व्हरपासून सुरुवात करतो, कारण या विषयातली खरी अडचण तिथे जशीच्या तशी भेटली. साधा सर्व्हर, त्यावर लिनक्स, आत एकसारख्या दोन डिस्क, आणि एकीवर लिहिलेलं दुसरीवरही उतरावं म्हणून मिरर. एके दिवशी पहिली डिस्क उडाली. काम थांबलं नाही, काउंटरवर कुणाला कळलंही नाही. देखभाल पाहणाऱ्या मुलाने नवी डिस्क आणून मिररमध्ये जोडली, रात्रभरात सगळा डेटा तिच्यावर उतरला, आणि दोन्ही डिस्क जागेवर असल्याची खूण स्थिती दाखवणाऱ्या फाइलीत उमटली. आठ महिन्यांनी वीज गेली, यूपीएसची बॅटरीही संपली, आणि वीज परत आली तेव्हा मूळची उरलेली डिस्क फिरेना. अशा वेळेसाठीच तर मिरर केलेला. पण पडद्यावर एकच ओळ होती: बूट करण्याजोगी डिस्क सापडली नाही.

मी पोचलो तेव्हा बाहेर खातेदारांची रांग लागली होती. डेटा पै न् पै शाबूत होता. नव्या डिस्कवर नव्हता तो फक्त अगदी सुरुवातीला असावा लागणारा, जेमतेम तीसेक किलोबाइटांचा बूटचा कोड. पेनड्राइव्हवरून मशीन उठवून तो लिहायला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासाच्या कामापायी संस्थेचा अर्धा दिवस बुडाला होता.

दोष त्या मुलाचा नव्हता. त्याला शिकवलं होतं तसं त्याने केलं होतं. दोष आपल्या समजुतीत आहे. ‘डिस्क मिरर केल्या आहेत’ असं आपण म्हणतो तेव्हा मिरर केलेलं असतं ते डिस्कवरच्या काही पार्टिशनांचं. आणि सॉफ्टवेअरमधला मिरर उभा राहतो तो कर्नल चालू झाल्यानंतर. त्या कर्नललाच डिस्कवरून उचलून मेमरीत आणायचं काम करणारे जे कोणी आहेत, म्हणजे मदरबोर्डावरचं फर्मवेअर आणि त्याने हाक मारलेला बूटलोडर, त्यांच्यापुढे अजून मिरर नसतोच. त्यांना दिसतात दोन सुट्या डिस्क. हार्डवेअर सोडलं, तर गेल्या तीस वर्षांत या फटीवर जे उपाय निघाले ते दोनच जातींचे आहेत: एक तर बूटलोडरला मिरर ओळखायला शिकवायचं, नाहीतर प्रत्येक डिस्कला स्वतंत्रपणे उठता येईल असं करायचं. माझा कौल दुसऱ्या बाजूने आहे. पण पहिल्या बाजूलाही नीट ऐकून घ्यायला हवं.

डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली बर्कलीहून ‘रेड’ची मांडणी केली तेव्हा प्रश्न होता स्वस्त डिस्क एकत्र वापरून भरवसा आणि वेग कसा मिळवायचा याचा. मशीन सुरू कसं होणार हा त्यांचा प्रश्नच नव्हता. लिनक्समध्ये हे काम कर्नलमधला ‘एमडी’ ड्रायव्हर करतो, आणि त्याला हाताळायचं एमडीअ‍ॅडम हे साधन नील ब्राउन यांनी २००१ च्या सुमारास लिहिलं. त्या काळी पीसी म्हणजे बायोस. बायोस डिस्कचा पहिला सेक्टर उचलतो. तो ५१२ बाइटांचा, त्यातले ४४६ कोडला, ६४ पार्टिशनच्या तक्त्याला आणि शेवटचे २ ओळखखुणेला. एवढ्याशा जागेत कुणाला मिरर ओळखायला शिकवणार?

लिलो या जुन्या बूटलोडरला फाइलसिस्टिमही कळत नसे. कर्नल डिस्कवर कुठल्या ब्लॉकांत आहे त्याचे आकडे तो आधीच लिहून ठेवायचा, आणि नवा कर्नल टाकून लिलो पुन्हा चालवायला विसरलं की मशीन उठत नसे. पुढे ग्रब आला. त्याला फाइलसिस्टिम वाचता येई, पण जुन्या ग्रबला मिररची कल्पना नव्हती. तिथे लोकांनी दोन युक्त्या काढल्या. एमडीच्या मेटाडेटाची त्या वेळची ०.९० ही आवृत्ती पार्टिशनच्या शेवटाला बसत असे, त्यामुळे मिररमधलं बूट पार्टिशन सुरुवातीकडून पाहिलं तर साध्या एक्स्ट फाइलसिस्टिमसारखं दिसायचं, आणि ग्रब ते निर्धास्तपणे वाचायचा. दुसरी युक्ती नंबरांची. पहिली डिस्क मेली की बायोसच्या लेखी दुसरीच पहिली होते. म्हणून दुसऱ्या डिस्कवर ग्रब लिहिताना ‘तूच पहिली आहेस’ असं त्याला सांगून लिहावं लागे. हे न करता ‘दोन्हीकडे ग्रब टाकलाय’ म्हणणाऱ्यांची मशीनं पहिली डिस्क काढली की मध्येच थांबायची.

ग्रब २ ने यातलं पुष्कळ सोपं केलं. तो एमडीचा मिरर ओळखतो, एलव्हीएम ओळखतो, डिस्कच्या नंबराऐवजी फाइलसिस्टिमच्या ओळखक्रमांकाने शोध घेतो. बूट पार्टिशन कुठल्याही मेटाडेटाच्या मिररवर ठेवा, त्याला चालतं. पण त्याचा स्वतःचा गाभा कुठेतरी बसायला हवाच. जुन्या तक्त्याच्या डिस्कवर पहिला सेक्टर आणि पहिलं पार्टिशन यांच्यामधल्या ६२ सेक्टरांच्या पट्टीत, म्हणजे ३१ किलोबाइटांत, तो कसाबसा मावायचा. पुढे पार्टिशनं १ मेबिबाइटपासून सुरू व्हायला लागली तेव्हा ऐसपैस झाला. जीपीटी या नव्या तक्त्यात अशी मोकळी पट्टी धरता येत नाही, म्हणून १ मेबिबाइटचं खास ‘बायोस बूट’ पार्टिशन करावं लागतं. या पार्टिशनच्या प्रकाराचा लांबलचक क्रमांक अक्षरांत उलगडला तर ‘हा! आय डोन्ट नीड ईएफआय’ असं वाक्य निघतं. हे पार्टिशन मिररच्या बाहेर असतं. प्रत्येक डिस्कवर ते वेगळं करावं लागतं, आणि ग्रब-इन्स्टॉल प्रत्येक डिस्कवर वेगळं चालवावं लागतं. पतसंस्थेत राहून गेलं ते हेच.

ग्रब एकदाच दोन्हीकडे लिहून भागत नाही, हे जुलै २०२० मध्ये फार मोठ्या प्रमाणावर दिसलं. ग्रबमधली ‘बूटहोल’ नावाने गाजलेली सुरक्षेची त्रुटी २९ जुलैला जाहीर झाली, आणि सगळ्या वितरणांनी घाईने नवे ग्रब पाठवले. त्यानंतर डेबियन आणि उबुंटूवरची काही बायोस मशीनं रिबूट होताना ‘ग्रब-कॅलॉक सापडत नाही’ असा निरोप देऊन थांबली. बूट पार्टिशनमधले ग्रबचे मॉड्यूल नवे झाले होते, डिस्कच्या सुरुवातीचा गाभा मात्र जुनाच राहिला होता, आणि नव्या मॉड्यूलांना हवं असलेलं फंक्शन जुन्या गाभ्यात नव्हतं. गाभा जुना का राहिला? ग्रबच्या पॅकेजने ‘मला कुठल्या डिस्कवर लिहायचं’ याची जी यादी जपून ठेवली होती ती खरी राहिली नव्हती. आता हेच मिररवर लावून पाहा. मॉड्यूल मिररमध्ये आहेत, म्हणून दोन्ही डिस्कवर नवे होतात. गाभा फक्त यादीतल्या डिस्कवर नवा होतो. यादीत एकच डिस्क असेल, तर दुसरी पहिल्या दिवशी उठण्याजोगी असूनही पुढच्या एखाद्या अपडेटनंतर तशी राहत नाही, आणि हे कळतं ते तिच्यावर वेळ येते तेव्हा. डेबियनवर ग्रब-पीसी पॅकेजचे प्रश्न पुन्हा विचारायला लावून दोन्ही डिस्कपुढे खूण करणं हे दोन मिनिटांचं काम आहे. डिस्क बदलली की ते नव्याने करावं लागतं, कारण ती यादी डिस्कच्या कायम ओळखीवर, म्हणजे मॉडेल आणि अनुक्रमांकावर ठेवलेली असते.

आता यूईएफआय. नवे सर्व्हर सगळे याच वाटेने उठतात, आणि खरा वादही इथेच आहे. यूईएफआय फर्मवेअर सेक्टर वाचत बसत नाही; त्याला फॅट फाइलसिस्टिमचं एक पार्टिशन लागतं, ईएफआय सिस्टिम पार्टिशन, बोलण्यात ईएसपी. त्यातली बूटलोडरची फाइल ते चालवतं. या फर्मवेअरला लिनक्सचा मिरर कळत नाही, आणि कळावा अशी अपेक्षा मानकातही नाही.

यावर पहिला तोडगा जुन्याच युक्तीचा नवा अवतार आहे. एमडीच्या मेटाडेटाची १.० ही आवृत्ती ०.९० सारखीच शेवटाला बसते. (एमडीअ‍ॅडम आपणहून घेतो ती १.२, ती सुरुवातीपासून ४ किलोबाइटांवर बसते, आणि मग फर्मवेअरला तिथे फॅट दिसत नाही.) १.० वापरून दोन्ही ईएसपींचा मिरर केला तर लिनक्सला तो मिरर दिसतो आणि फर्मवेअरला दोन साधी फॅट पार्टिशनं. फेडोरा आणि रेड हॅटचा अ‍ॅनाकोंडा इन्स्टॉलर, ईएसपी मिररवर ठेवायला सांगितलं की, ही रचना स्वतःहून करून देतो, त्यामुळे जगात असे सर्व्हर भरपूर आहेत आणि ते चालतात. या रचनेचा मोठेपणा असा की पुढे काही लक्षात ठेवावं लागत नाही. अपडेट आलं की बूटलोडर दोन्हीकडे आपोआप बदलतो. माणसाच्या विसरण्यापुढे हा गुण फार मोलाचा आहे, आणि तो नाकारून पुढे जाता येणार नाही.

तरी मी स्वतः ही रचना करत नाही. मिररचा सगळा करार एका अटीवर उभा आहे: लिहिणारा एकच, आणि तो म्हणजे एमडी. फर्मवेअर त्या करारात नाही, आणि त्याला फॅटवर लिहिण्याची पूर्ण मुभा आहे. फर्मवेअरच्या अपडेटचंच घ्या. मानकात अशी सोय आहे की अपडेटची फाइल ईएसपीवरच्या ठरलेल्या फोल्डरात ठेवावी, आणि फर्मवेअरने ती प्रक्रियेत घेऊन पुसून टाकावी. ते पुसणं एका डिस्कवर होतं. दुसरीवर फाइल तशीच राहते, आणि एमडीला याची गंधवार्ता नसते. पुढे लिनक्स वाचताना कधी या डिस्कवरून वाचेल, कधी त्या. डेबियनवर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मिररची तपासणी चालते. तिला फरक सापडेल, ती आकडाही नोंदवेल, पण दोहोंतलं खरं कुठलं हे सांगायची सोय दोन डिस्कच्या मिररमध्ये नाहीच. दुरुस्ती करा म्हटलं तर एकीवरचं दुसरीवर लिहिलं जाईल, इतकंच. मोठ्या डेटाच्या पार्टिशनवर असं झालं तर आपण घाबरून उठू. ईएसपी लहान आहे, म्हणून तिथे चालवून घ्यायचं, हे मला पटत नाही.

दुसरा मार्ग: प्रत्येक डिस्कवर स्वतंत्र ईएसपी, मिरर नाही, आणि दोन्हीत तेच सामान. प्रश्न उरतो तो सामान सारखं ठेवण्याचा, आणि तो कितपत अवघड आहे हे ईएसपीत काय ठेवता यावर ठरतं. डेबियन किंवा उबुंटूच्या नेहमीच्या मांडणीत तिथे शिम, ग्रब आणि चार ओळींची एक कॉन्फिग फाइल असते. ती कॉन्फिग सांगते ‘अमुक ओळखक्रमांकाच्या फाइलसिस्टिमकडे जा’, आणि कर्नल तिकडे मिररमधल्या बूट पार्टिशनात असतात. हे सामान वर्षातून दोनचार वेळाच बदलतं. उलट सिस्टमडी-बूट वापरला तर कर्नल आणि इनिटरॅमएफएसही सहसा ईएसपीतच ठेवावे लागतात, आणि दर कर्नल अपडेटला नक्कल करावी लागते. सिस्टमडीची स्वतःची साधनं एकाच ईएसपीचा विचार करतात, त्यामुळे दुसरीची जबाबदारी सर्वस्वी तुमची.

उबुंटूने इथे चांगलं काम केलं आहे. २०.०४ पासून सर्व्हरच्या इन्स्टॉलरमध्ये दुसरी डिस्कही बूटची म्हणून निवडता येते, आणि ग्रबचं पॅकेज अनेक ईएसपींची यादी ठेवून प्रत्येकीवर लिहितं. निक्सओएसमध्ये ‘मिरर्डबूट्स’ नावाची मांडणी कॉन्फिगमध्येच लिहून टाकता येते. पण सगळ्यांत नेटका विचार प्रॉक्समॉक्सने केला असं माझं मत आहे. त्याच्या इन्स्टॉलरने झेडएफएसचा मिरर केला की प्रत्येक डिस्कवर वेगळी ईएसपी होते. सगळ्या ईएसपींचे ओळखक्रमांक एका फाइलीत नोंदवलेले असतात, त्या एरवी माउंट केलेल्या नसतात, आणि कर्नल बदलला की प्रॉक्समॉक्स-बूट-टूल एकेक माउंट करून, सामान भरून, पुन्हा बंद करतं. नवी डिस्क आली की फॉरमॅट आणि इनिट अशा दोन आज्ञा, जुनी गेली की यादी साफ करायची एक. कुणाकुणाला सामान द्यायचं याची यादी एकाच जागी लिहिलेली, आणि ते पोचवण्याचं काम माणसावर नाही. डेबियनवर हे सगळं हाताने उभारावं लागतं: दुसरी ईएसपी वेगळ्या नावाने माउंट करायची, आणि पॅकेज बदललं की एकीतलं दुसरीत उतरवणारी छोटी स्क्रिप्ट हुकमध्ये ठेवायची. दहा ओळींचं काम आहे.

सामान सारखं झालं तरी फर्मवेअरला दुसऱ्या ईएसपीचा पत्ता ठाऊक हवा. यूईएफआय हे पत्ते मदरबोर्डावरच्या एनव्हीरॅममध्ये ठेवतं, आणि प्रत्येक पत्त्यात पार्टिशनचा अनन्य क्रमांक असतो. डिस्क बदलली की नव्या पार्टिशनचा क्रमांक वेगळा, जुना पत्ता मेला. मदरबोर्ड बदलला तर सगळेच पत्ते गेले. काही फर्मवेअर डिस्क दिसली नाही की तिचा पत्ता आपणहून पुसतात, आणि डिस्क परत लावल्यावर तो परत येत नाही. म्हणून ईएफआय-बूट-एमजीआरने दोन्ही पत्ते नोंदवायचे, शिवाय दोन्ही ईएसपींत बूटलोडरची एक प्रत मानकाने ठरवून दिलेल्या राखीव जागी, ईएफआय फोल्डरातल्या बूट फोल्डरात, ठेवायची. पत्ता नसला तर फर्मवेअर तिथेच पाहतं. ग्रब-इन्स्टॉलला ‘रिमूव्हेबल’ असा पर्याय दिला की प्रत तिथे पडते. इतका छोटा आणि इतका उपयोगी उपाय या सगळ्या विषयात दुसरा नाही.

हार्डवेअरचा मार्ग थोडक्यात सांगतो. रेड कंट्रोलर असेल तर फर्मवेअरला एकच डिस्क दिसते आणि वरचे सगळे प्रश्न मिटतात. डेलची बॉस कार्डं दोन छोट्या एसएसडींचा मिरर करून फक्त बूटसाठीच देतात. इंटेलच्या व्हीरॉकमध्ये मिररची भाषा फर्मवेअर आणि लिनक्सचा एमडी दोघांनाही कळते. जिथे लिनक्स जाणणारा माणूस हाकेच्या अंतरावर नाही तिथे मी बूटसाठी हार्डवेअरच सुचवतो. कार्ड स्वतः एकटंच असतं आणि ते गेलं तर तसंच दुसरं मिळवावं लागतं, हे मात्र घेतानाच सांगून ठेवतो.

कुठलाही मार्ग घ्या, दोन गोष्टी त्याच्या कक्षेबाहेर राहतात. पहिली, अर्धवट मेलेली डिस्क. पहिला सेक्टर वाचता आला नाही, किंवा त्यावरची खूण नसली, तर फर्मवेअर पुढच्या डिस्ककडे वळतं. पण पहिला सेक्टर वाचला गेला, ग्रब चालू झाला आणि मग अडला, तर काळ्या पडद्यावर तो तसाच बसून राहतो. बायोस पुन्हा लक्ष घालायला येत नाही. तिथे कुणीतरी जाऊन ती डिस्क ओढून काढावी लागते, किंवा दुरून कन्सोल देणारं आयपीएमआय लावलेलं असावं लागतं. दुसरी, परत आलेली डिस्क. सैल केबलमुळे सहा महिन्यांपूर्वी मिररमधून पडलेली डिस्क रिबूटला पुन्हा दिसू लागते. कर्नल नोंदी तपासून तिला बाजूला ठेवतो. फर्मवेअर असं काही तपासत नाही. बूटच्या यादीत ती पहिली असेल तर मशीन तिच्यावरच्या सहा महिन्यांपूर्वीच्या ईएसपीनेच उठतं.

डिस्क बदलायच्या दिवसाबद्दल मला सगळ्यांत जास्त बोलावंसं वाटतं. बूटची दुहेरी व्यवस्था बहुतेक सर्व्हरवर पहिल्या दिवशी असते, आणि ती जाते पहिली डिस्क बदलताना. नव्या डिस्कवर पार्टिशनचा तक्ता उतरवायला एसजीडिस्क वापरतात. त्याच्या ‘आर’ पर्यायानंतर जिचं नाव येतं ती डिस्क लिहिली जाते, आणि शेवटी सुटं नाव येतं ती वाचली जाते. सवयीने माणूस उलट समजतो, आणि रिकामा तक्ता उरलेल्या एकुलत्या एक चांगल्या डिस्कवर उतरतो. म्हणून आधी तक्त्याची फाइल काढून ती दुसऱ्या मशीनवर ठेवावी, आज्ञा मोठ्याने वाचावी, मगच एंटर दाबावं. त्यानंतर ‘जी’ पर्यायाने नव्या डिस्कचे अनन्य क्रमांक बदलावेत, नाहीतर दोन डिस्क एकाच क्रमांकाच्या होतात. मग एमडीअ‍ॅडमला डिस्क जोडायला सांगावं. इथे बहुतेक जण थांबतात, कारण पडद्यावर टक्के चढताना दिसतात आणि काम झाल्यासारखं वाटतं. ईएसपी फॉरमॅट करणं, तिच्यात सामान भरणं, फर्मवेअरला पत्ता देणं, बायोस असेल तर ग्रब-इन्स्टॉल करणं, हे सगळं अजून बाकी असतं.

आणि मग चाचणी. फर्मवेअरच्या मेनूतून दुसरी डिस्क निवडून बूट केलं की झालं, असं काही जण मानतात. ती अर्धीच चाचणी आहे. पहिली डिस्क जोडलेली असताना दुसरीवरचा ग्रब आपलं सामान पहिलीवरूनही उचलू शकतो. मशीन बंद करून डिस्क खरोखर काढावी लागते. एक डिस्क काढून उठवलं की ती परत लावून सिंक पूर्ण होऊ द्यायचं, आणि तोवर दुसरीला हात लावायचा नाही. आधी एकटी ही, मग एकटी ती अशी दोन्ही चालवली तर दोघींवर वेगवेगळा इतिहास लिहिला जातो आणि मिरर पुन्हा जुळवताना एकीचं लिहिलेलं गमवावं लागतं.

त्या पतसंस्थेने पुढच्या वर्षी यूईएफआयचा नवा सर्व्हर घेतला. खाती त्यावर चढवण्याआधीच्या रविवारी तोच मुलगा आणि मी कचेरीत बसलो. मिररमध्ये रूट, बूट आणि स्वॅपही घेतला होता, कारण स्वॅप एकाच डिस्कवर असेल तर ती मरताना चालू कामं घेऊन मरते. ईएसपी दोन, सुट्या. दुसरी डिस्क काढून मशीन उठवलं, उठलं. परत लावली, सिंक होईपर्यंत चहा झाला, जेवण झालं. मग पहिली काढली. ग्रब आला, कर्नल आला, अर्धा मिरर पाहून सिस्टमडी ३० सेकंद वाट बघत थांबला आणि मग त्याने तो तसाच चालू केला. इथवर सगळं हवं तसं. पुढे दीड मिनिट काहीच हललं नाही, आणि शेवटी दुरुस्तीसाठी रूटचा पासवर्ड मागणारी ओळ आली.

पहिल्या डिस्कवरची ईएसपी एफस्टॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना माउंट करायच्या पार्टिशनांच्या यादीत, लिहिलेली होती. ती डिस्क आता पिशवीत होती, सिस्टमडी ९० सेकंद तिची वाट पाहून थकला होता, आणि एका फॅट पार्टिशनपायी त्याने बाकी सगळा सर्व्हर अडवून धरला होता. मी त्या मुलाला कीबोर्ड दिला. त्याने एफस्टॅबमधल्या त्या ओळीला ‘नोफेल’, म्हणजे ‘नसली तरी पुढे जा’, असं जोडलं, रिबूट मारला, आणि एकट्या दुसऱ्या डिस्कवर मशीन लॉगिनपर्यंत आलं. मग पहिली डिस्क परत लावून आम्ही सिंकचे टक्के मोजत बसलो.